आद्याक्षरांची कुलपे

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचे यजमान २०२३ च्या दिवाळीआधी गेले. गवंडीकाम करत. वय अठ्ठेचाळीस. सकाळी छातीत दुखू लागले, रिक्षात घालून दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. तेरावे झाल्यावर बाई पुन्हा कामावर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत यजमानांचे पासबुक होते. म्हणाल्या, ''काका, हे खातं बंद कसं करायचं तेवढं सांगा. अकराशे रुपये आहेत त्यात. बँकेतले साहेब म्हणतात, अर्ज लिहून आणा.''

अर्ज लिहून द्यायला मी बसलो खरा; पण बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड असते. हातात पासबुक आले की ते तो मागून पुढे आणि पुढून मागे वाचतो. मला तर कादंबऱ्या लिहिण्याचेही व्यसन, त्यामुळे पासबुकात मला माणसाचे चरित्रच दिसते. कुठल्या महिन्यात काम नव्हते, कधी मुलीची फी भरली, कधी कोणाकडून हातउसने घेतले, सगळे तिथे असते. पाने उलटता उलटता मे महिन्याच्या अखेरीस एका ओळीवर बोट थांबले. रोमन लिपीतली सहा अक्षरे, आणि नावे रकान्यात ४३६ रुपये. आणखी मागे गेलो. आधीच्या वर्षांतही मे महिना आला की तीच सहा अक्षरे, आणि समोर ३३० रुपये.

''हे कसले पैसे, ठाऊक आहे का?'' मी विचारले.

''बँकवाले कापतात दरवर्षी कायतरी. मोबाईलवर मेसेज येतो ना, त्याचे असतील असं हे म्हणायचे. एकदा भांडायलाही गेले होते.''

ती सहा अक्षरे होती 'पीएमजेजेबीवाय'. प्रधानमंत्री जीवन ज्योती बीमा योजना. दरसाल एक हप्ता भरायचा आणि खातेदार कोणत्याही कारणाने दगावला तर वारसाला दोन लाख रुपये मिळायचे, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. ज्या नोंदीवरून बिचारा माणूस बँकेशी भांडायला गेला, ती नोंद म्हणजे त्याने बायकोमुलांसाठी करून ठेवलेली एकमेव तरतूद होती. आणि हे त्यालाही ठाऊक नव्हते, बायकोलाही नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. वारस म्हणून बाईंचे नाव लागलेले होते. मृत्यूचा दाखला जोडून दावा केला, दोन-चार हेलपाटे झाले आणि पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले. मुलीचे परिचारिकेचे शिक्षण अर्ध्यावर सुटता सुटता वाचले. बाईंनी पेढे आणले. मी पेढा खाल्ला, पण तो गोड लागला नाही. त्याचे कारण शेवटी सांगेन. आधी त्या सहा अक्षरांबद्दल, आणि त्यांच्यासारख्या हजारो अक्षरांबद्दल बोलू.

*

प्रश्न तसा जुनाच आहे. ज्याला आपण तांत्रिक लेखन म्हणतो, म्हणजे नियमपुस्तिका, परिपत्रके, माहितीपत्रके, यंत्रासोबत येणारी चोपडी, औषधाची चिठ्ठी, बँकेचा अर्ज, त्यात येणारी आद्याक्षरे लिहिणाऱ्याने उलगडून सांगावीत की नाही? जाणकारांचे म्हणणे असे की नाही. आम्ही जाणकारांसाठी लिहितो. दर वेळी फोड करत बसलो तर दोन पानांचे वीस पाने होतील आणि ज्याला विषय कळतो तो कंटाळून जाईल. ज्याला कळत नाही त्याने विचारावे, नाहीतर शोधून काढावे.

हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही, हे मी प्रथमच कबूल करतो. संक्षेप हा काही इंग्रजीने आपल्यावर लादलेला रोग नव्हे. आपल्या वाडवडिलांची पत्रे काढून पाहा. 'सा. न. वि. वि.' हे चार ठिपके ओलांडल्याशिवाय मजकुराला सुरुवात होत नसे आणि 'ता. क.' आल्याशिवाय पत्र संपत नसे. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' असे कोणी उलगडून लिहिले असते तर पत्र वाचणारा दचकला असता. लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.'चा अर्थ वधूला ठाऊक नसला तरी लग्न लागतेच. आपल्या साहित्यिकांना तर आपण आद्याक्षरांनीच ओळखतो. 'पु. ल.' म्हटले की महाराष्ट्र हसतो. 'पुरुषोत्तम लक्ष्मण' म्हटले तर क्षणभर तोच महाराष्ट्र डोके खाजवील.

काही आद्याक्षरे तर आद्याक्षरे राहतच नाहीत, त्यांचे शब्द होतात. १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर रस्त्यावर पहिली गाडी धावली तेव्हापासून 'एसटी' हा मराठी शब्द आहे. 'एसटी चुकली' म्हणणाऱ्या म्हातारीला त्यातला 'एस' म्हणजे काय हे सांगायला जाणारा शहाणा स्वतःच चुकलेला असतो. तीच गोष्ट 'सातबारा'ची. गावनमुना सात आणि गावनमुना बारा हे एका कागदावर आले आणि त्या आकड्यांचाच शब्द झाला. त्याची फोड अर्ध्या महाराष्ट्राला सांगता येणार नाही. पण सातबाऱ्यावर आपले नाव नसले तर काय होते हे मात्र अख्ख्या महाराष्ट्राला कळते. शब्द कळणे म्हणतात ते याला.

तेव्हा भांडण संक्षेपाशी नाही. भांडण आहे ते किल्ली न देता कुलूप लावण्याशी.

या बाबतीत जगात सगळ्यांत काटकसरी माणूस कोण झाला असेल तर पाणिनी. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला मुलगा झाल्याचा आनंद होतो, असे म्हणतात, ते त्याच्याच परंपरेबद्दल. सारे स्वर म्हणायचे तर तो म्हणतो 'अच्', सारी व्यंजने म्हणायची तर म्हणतो 'हल्'. जवळजवळ चार हजार सूत्रांचे व्याकरण त्याने अशा संक्षेपांवर उभे केले. पण त्याचा प्रामाणिकपणा असा की, वर्णांची मांडणी करणारी चौदा सूत्रे परंपरेने या व्याकरणाच्या अगदी प्रारंभी येतात. विद्यार्थी आधी ती चौदा सूत्रे पाठ करतो. मग त्याला कुठलाही संक्षेप सोडवता येतो. किल्ल्यांचा जुडगा दारातच टांगलेला आहे. आमच्या परिपत्रकवाल्यांनी पाणिनीची काटकसर तेवढी उचलली, जुडगा मात्र स्वतःच्या खिशात ठेवला.

*

हे मी कोणा परक्याबद्दल बोलत नाही. त्या परिपत्रकवाल्यांपैकी मी एक होतो.

१९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा अहवाल दिला आणि पुढच्या काही वर्षांत आमच्या शाखांतून खातेवह्यांच्या जागी यंत्रे येऊ लागली. त्यांना 'एएलपीएम' म्हणत, म्हणजे 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. मला लिहिण्याची हौस आहे हे वरिष्ठांना ठाऊक होते. त्यांनी मला कर्मचाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक टिपण लिहायला सांगितले. मी चौदा पानांचे टिपण लिहिले आणि त्यात आद्याक्षरांची अशी काही पेरणी केली की वाचणाऱ्याला वाटावे, हा गृहस्थ यंत्राच्या पोटातच जन्मला असावा. एकाचीही फोड केली नाही. खरे सांगायचे तर त्यातल्या काहींची फोड मलाही येत नव्हती. आद्याक्षरांची ही एक मोठी सोय आहे. त्यांच्या आड अज्ञान बेमालूम लपते.

आमच्या शाखेत एक वयस्कर लेखनिक होते. अक्षर मोत्यासारखे, बेरजा तोंडी. यंत्र आल्यापासून ते गप्प गप्प असत. निवृत्तीच्या दिवशी हारतुरे झाल्यावर त्यांनी खणातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझ्या टिपणातल्या आद्याक्षरांची ती यादी होती. एकेकापुढे त्यांनी अर्थ लिहिला होता, काही इकडून तिकडून विचारून, काही अंदाजाने. 'ईओडी' म्हणजे दिवसअखेरीचे काम. त्यापुढे त्यांनी लिहिले होते 'एन्ट्री ऑन डेट'. असे चार-पाच अर्थ चुकीचे होते. मी म्हटले, ''अहो, मला विचारायचे!'' ते हसले आणि म्हणाले, ''तुम्ही सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून लिहिलं होतं. मग मलाच ठाऊक नाही हे कसं सांगायचं?''

'ज्याला कळत नाही त्याने विचारावे' या युक्तिवादाचे उत्तर त्या एका वाक्यात आहे. माणूस विचारत नाही. न उलगडलेले आद्याक्षर वाचकाला नुसता शब्द देत नाही, त्याबरोबर एक टोमणाही देते : 'हे तुला ठाऊक असायला हवे होते.' विचारणे म्हणजे आपले अज्ञान जाहीर करणे. म्हणून तो गप्प बसतो आणि अंदाज करतो. अंदाज चुकला तर भुर्दंड त्याचा, लिहिणाऱ्याचा नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की, तीच अक्षरे दाराआड दारे बदलली की अर्थ बदलतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका खतबियाण्यांच्या दुकानदाराला निरोप धाडला, 'तुमची डीपी कमी झाली आहे, येऊन भेटा.' दुसऱ्या दिवशी गृहस्थ धावत आले. ''सायेब, डीपी तर मागल्या म्हैन्यात नवी बसवली की! लायटीचं बँकेकडं कवापासनं आलं?'' गावात डीपी म्हणजे विजेचा ट्रान्स्फॉर्मर. आमच्या लेखी डीपी म्हणजे 'ड्रॉइंग पॉवर', मालाच्या तारणावर किती उचल करता येईल त्याची मर्यादा. समजा दुकानात आठ लाखांचा माल आहे, त्यातला दोन लाखांचा उधारीवर आणलेला. राहिला सहा लाखांचा. त्यावर बँक पंचवीस टक्के मार्जिन राखते, म्हणून उचल साडेचार लाखांपर्यंत. एवढे त्यांना सांगितल्यावर ते म्हणाले, ''मग असं म्हना की, माल कमी झालाय म्हनून पैसं कमी मिळनार!'' त्यांचे बरोबर होते. मी असेच म्हणायला हवे होते. शहरात नगररचनेचा विकास आराखडा म्हणजेही डीपीच, आणि माझी नात मोबाईलवरच्या फोटोला डीपी म्हणते.

यात हसण्यासारखे आहे. पण दर वेळी नसते. डॉक्टर चिठ्ठीवर 'ओडी' लिहितात तेव्हा अर्थ असतो दिवसातून एकदा. नेत्रवैद्याच्या कागदावर तीच अक्षरे म्हणजे उजवा डोळा. बँकेत ती ओव्हरड्राफ्ट. 'टीडीएस' चिठ्ठीवर दिवसातून तीनदा, आणि आयकराच्या कागदावर उगमापाशी करकपात. (दिवसातून तीनदा करकपात असा त्याचा अर्थ काही पेन्शनरांना वाटतो, तो भाग वेगळा.) अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणारी 'जॉइंट कमिशन' नावाची संस्था आहे. तिने २००४ मध्ये डॉक्टरांनी वापरू नयेत अशा संक्षेपांची यादीच काढली. त्यात 'युनिट'साठी लिहिले जाणारे 'यू' हे एकच अक्षर आहे. घाईने काढलेले ते अक्षर शून्यासारखे दिसते, आणि दहा युनिट इन्सुलिनचे शंभर होते. मॉर्फिन सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट या दोन वेगळ्या औषधांना लागू पडणारी 'एमएस' ही अक्षरेही त्या यादीत आहेत. म्हणजे लिहिणारा डॉक्टर, वाचणारी परिचारिका, दोघेही जाणकार. तरीही अक्षरे फसवतात. 'जाणकारांसाठी लिहितो' ही सबब जाणकारांमध्येसुद्धा पुरत नाही.

*

माझे काही लेखकमित्र इथे मला अडवतील. म्हणतील, अरे, तू कादंबरीकार ना? तुझ्या कादंबरीत माणदेशी मेंढपाळ बोलतो तेव्हा त्याच्या शब्दांना तू कुठे तळटीपा देतोस? वाचकाला थोडे झुंजू द्यावे, असे तूच व्याख्यानातून सांगत हिंडतोस.

सांगतो, आणि सांगत राहीन. पण शब्द आणि आद्याक्षर यांत फरक आहे. अनोळखी शब्दाला मूळ असते, नाद असतो, आजूबाजूला सोयरेधायरे असतात. तीन-चारदा भेटला की तो ओळखीचा होतो. 'वाघर' म्हणजे मेंढ्यांभोवती लावायचे जाळे हे ठाऊक नसले, तरी संध्याकाळ झाली, मेंढ्या आल्या, वाघर लावली, कुत्री राखणीला बसली, एवढे वाचल्यावर कळायचे ते कळते. 'पीएमजेजेबीवाय' शंभर वेळा वाचले तरी काही कळणार नाही. त्यात विम्याचा 'वि' नाही. 'बी' आहे तो हिंदी 'बीमा'चा. जी किल्ली फक्त कुलूप करणाऱ्याकडे आहे, ती कितीही वेळ कुलपाकडे पाहून हाती लागत नाही. शिवाय कादंबरी न कळल्याने कोणाचे दोन लाख बुडत नाहीत.

आता फोड केली की काम भागले का? तेही नाही. आपल्याकडे प्रामाणिकपणाने लिहिणारेसुद्धा इथे थांबतात. 'आरटीजीएस'ची फोड 'रिअल टाइम ग्रॉस सेटलमेंट'. सांगा पाहू, दुकानदाराला काय कळले? त्याला हवे ते इतकेच : दोन लाख किंवा त्याहून मोठी रक्कम असेल तर या मार्गाने ती लगेच पोचते, आणि १४ डिसेंबर २०२० पासून रात्री-अपरात्रीही पाठवता येते. रक्कम लहान असेल तर 'एनईएफटी'. त्यात दर अर्ध्या तासाला गठ्ठा सुटतो, तोही १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास. या चार ओळी म्हणजे अर्थ. फोड हे नुसते लांब केलेले कुलूप.

भाषांतराचेही तेच. 'एनपीए'ची फोड 'नॉन-परफॉर्मिंग ॲसेट' आणि तिचे मराठी 'अनुत्पादक मालमत्ता'. हे वाचून एका शेतकऱ्याने मला विचारले होते, ''म्हणजे माझी जमीन नापीक ठरवली का?'' कर्ज ही बँकेची मालमत्ता असते हे त्याला कोणी सांगितले होते? हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते त्या सदरात जाते, आणि मग नवे कर्ज मिळणे अवघड होते, एवढेच त्याला सांगायचे होते. त्यासाठी 'थकीत कर्ज' हा शब्द आपल्या बाजारात कधीचा रुळलेला आहे. पीककर्जाला मुदत हंगामावर मोजतात, हेही त्याला सांगायला हवे होते. पण आपण संस्कृतातून आणखी एक कुलूप घडवून आणले.

आणि 'केवायसी'! २००२ पासून रिझर्व्ह बँकेने हा शब्द आपल्या व्यवहारात आणला. फोड 'नो युवर कस्टमर', आपला ग्राहक ओळखा. वाचकहो, जरा थांबून पाहा, ही आज्ञा कोणाला आहे? बँकेला. ग्राहकाला ओळखण्याचे काम बँकेचे. पण खिडकीवर आपल्याला सांगतात, 'तुमचं केवायसी करा.' बँकेच्या आतल्या टेबलावरचा शब्द जसाच्या तसा खिडकीबाहेर फेकला गेला. 'तुमची ओळख आणि पत्ता यांचे कागद पुन्हा दाखवा' असे म्हटले असते तर किती सोपे झाले असते! आणि नुसते सोपेच नव्हे, सुरक्षितही. कारण आज फोनवरून लुबाडणारे चोर याच तीन अक्षरांवर पोट भरतात. 'तुमचे केवायसी संपले आहे, आज रात्री खाते बंद होईल.' ज्याला ती काय चीज आहे हे ठाऊक नाही तो घाबरतो, आणि घाबरलेला माणूस 'ओटीपी'ही सांगून टाकतो. तो सांगू नका अशा सूचना बँका सतत धाडतात. पण ओटीपी म्हणजे तुमच्या तिजोरीची एकदाच चालणारी किल्ली आहे, हे त्याच्या भाषेत किती जण सांगतात? न कळणाऱ्या शब्दापाशी भीती वस्तीला येते आणि तिच्या मागोमाग चोर.

*

हे कोणाला कळत नाही असे नाही. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना लिहिले की, पासबुकातल्या नोंदींत पुरेसा तपशील नसतो, त्यामुळे खातेदाराला त्या पडताळता येत नाहीत. तेव्हा किमान काय काय लिहावे त्याची यादी सोबत जोडली आहे. ठेवींना विम्याचे किती संरक्षण आहे तेही पासबुकात सांगा, असेही कळवले. ते संरक्षण १९९३ पासून एक लाखाचे होते, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांचे झाले. आमच्या सहकारी बँकांच्या महाराष्ट्रात ही माहिती जीवनमरणाची आहे. पण आमची माणसे तिलाही 'डीआयसीजीसी' म्हणून मोकळी होतात.

मी नियम करण्याच्या खुर्चीवर कधी बसलो नाही आणि आता बसणार नाही. पण लिहिणारा म्हणून चार गोष्टी सुचतात. जे संक्षेप लोकांनी आपलेसे केले आहेत, एसटी, एटीएम, सातबारा, त्यांच्या वाटेला जाऊ नये. जो संक्षेप लेखात दोनदाच येणार आहे तो करूच नये. वाचलेली शाई वाचकाच्या वेळेने वसूल होते. जो करायचा तो पहिल्या वेळी पूर्ण लिहून, आणि त्याने वाचणाऱ्याचे काय होते ते एका वाक्यात सांगून करावा. आणि जिथे माणूस सही करतो, अंगठा उठवतो, औषध घेतो किंवा ज्याच्या खात्यातून पैसे जातात, तिथे कोणतीही सबब चालू नये. तिथे लिहिणाऱ्याने मान खाली घालून सोपे लिहावे.

जागा पुरत नाही, असे यावर यंत्रवाले सांगतात. पासबुकाचा रकाना अरुंद असतो हे खरे. पण ज्या रकान्यात ती सहा अक्षरे मावतात आणि पुढे वर्षही मावते, तिथे 'जीवन विमा २ लाख' मावणार नाही, हे मला पटत नाही. अगदीच नाही तर पासबुकाच्या शेवटच्या पानावर संक्षेपांची यादी छापावी, मराठीत. तेवढा जुडगा दारात टांगला तरी पुरे.

*

आता तो पेढा गोड का लागला नाही, ते.

ही विमा योजना ९ मे २०१५ ला सुरू झाली तेव्हा मी नोकरीत होतो, एका शाखेचा प्रमुख होतो. अर्जांचे गठ्ठे आले, उद्दिष्टे आली, रोज संध्याकाळी आकडा कळवायचा. आम्ही खिडकीशी आलेल्या प्रत्येकाकडून अर्ज भरून घेतले. पेन्शन काढायला आलेला, खतासाठी पैसे काढायला आलेला, कोणी सुटला नाही. सोबत अपघात विम्याची दुसरी योजना होती, तिचा हप्ता तेव्हा बारा रुपये, आता वीस; तिचे संक्षिप्त नाव 'पीएमएसबीवाय', एका घासात दोन्ही. लोक विचारत, ''सायेब, हे काय?'' मी सांगे, ''सरकारी योजना आहे, ३३० कापतील, सही करा.'' रांग मोठी होती. मी खोटे बोललो नाही. फक्त सांगितले नाही.

आज या योजनेत देशभर मिळून वीस कोटींवर नोंदण्या झाल्या आहेत. त्यांतल्या काही शे माझ्या सहीच्या आहेत. त्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन सांगितले असेल की, मी गेलो तर बँकेत जा? ज्याला स्वतःलाच कळले नाही तो काय सांगणार?

आणि एक आठवण आहे, ती पेढा हातात घेतला तेव्हाच वर आली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एक बाई नवऱ्याचे खाते बंद करायला आल्या होत्या. कडेवर मूल होते. कागद चोख होते. शिल्लक चार हजारांच्या आसपास. मी तत्परतेने, एका दिवसात, काम करून दिले आणि त्यांनी हात जोडले. त्या दिवशी मला स्वतःबद्दल बरे वाटले होते. त्या पासबुकात मे महिन्यात एखादी ओळ होती का? मला आठवत नाही. आठवणार तरी कसे. मी पाने उलटलीच नव्हती. त्या कुठल्या गावच्या, तेही आता लक्षात नाही.

ज्याला अर्थ ठाऊक होता तो खिडकीच्या आत बसला होता, आणि ज्याला हवा होता ती खिडकीच्या बाहेर उभी होती. मध्ये फक्त सहा अक्षरे होती. वाचकहो, तुमच्या घरात पासबुक असेल, आईचे, वडिलांचे, कामाला येणाऱ्या बाईंचे, तर आज रविवार आहे, जरा काढून पाहा. मे महिन्याचे पान.